आठशे भोवरे आणि एक बिस्किटाचा डबा

पत्र थोडक्यात: बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी या ताई आणि त्यांचे यजमान वह्या-पुस्तकं, कटलरी आणि खेळण्यांचं दुकान चालवतात. दोन वर्षांपूर्वी गावातल्या लेकरांना झुंजवायच्या भोवऱ्यांचं वेड लागलं. वेगवेगळ्या रंगांचे, नावांचे, जमवायचे भोवरे. पहिल्या वर्षी त्यातून नव्वद हजार सुटले. माल पुरेना, म्हणून गेल्या दिवाळीआधी ताईंनी बचत गटातून शेकडा एक रुपया महिना दराने पन्नास हजार उचलले आणि एकदम मोठा माल भरला. संक्रांतीनंतर गिऱ्हाईक थांबलं. मे महिन्यात डीलरने सांगितलं की कंपनीने ही लाईनच बंद केली. खरेदीने एक लाख चाळीस हजारांचे आठशे नग आज पोटमाळ्यावर पडून आहेत. यजमान म्हणतात, यात्रेत मिळेल त्या भावाने फुंकून टाकू. पुण्यातला भाचा म्हणतो, बंद झालेला माल म्हणजे सोनं, दहा वर्षं हात लावू नका. त्यात आठवीतल्या मुलाने बिस्किटाच्या डब्यातले स्वतःचे एकतीस भोवरे गल्लीतल्या धाकट्या पोरांना वाटायचं काढलं आणि घरात रडारड झाली. ताई विचारतात, "लेकरांना एकदम झालं काय? चूक माझीच का? माल ठेवू की विकू?"

ताई,

आमच्या वडिलांचं नांदेडला कापडाचं दुकान होतं. एका लग्नसराईत ठिपक्यांचं टेरिकॉट असं चाललं की लोक ताका उघडायच्या आत कापून मागायचे. वडिलांनी पुढच्या वर्षी तीस ताके भरले. त्या ठिपक्यांच्या आमच्या घरात गाद्यांच्या खोळी झाल्या, दळणाच्या पिशव्या झाल्या, आणि माझं लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हाही माहेरी पोतेरं ठिपक्यांचंच होतं. त्यामुळे तुमच्या पोटमाळ्याची गोष्ट मला नवी नाही. उत्तर आधीच सांगून टाकते: विका. पण कसं विकायचं हे ठरवायच्या आधी तुमच्या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी मला तपासून बघायच्या आहेत, कारण त्या तशाच राहिल्या तर पुढच्या दिवाळीला तुम्ही दुसऱ्या कुठल्या तरी खेळण्याचे आठशे नग भराल.

"लेकरांना झालं काय?" काही झालेलं नाही. आपल्या लहानपणी गल्लीत भोवरे यायचे, तेव्हा आर कुणाची टोकदार आणि जाळी कुणाची लांब यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मग एके दिवशी सगळ्यांच्या खिशात गोट्या असायच्या. ठराव कुणी मांडला नव्हता. जमवायचं खेळणं एकट्याचं कधीच नसतं. समोर दुसरा भोवरा लागतो, "तुझ्याकडे हा आहे का" म्हणणारा मित्र लागतो. दहातल्या चौघांनी सोडलं की उरलेल्या सहांची मजा निम्मी होते आणि महिन्याभरात तेही सोडतात. म्हणून अशा वस्तूंचा खप साबणासारखा हळूहळू उतरत नाही, दोर तुटल्यासारखा खाली येतो. संक्रांतीनंतर तुम्ही पाहिलंत ते हेच.

आता तुमची गिऱ्हाइकं आठवा. पहिल्या वर्षी सातवी-आठवीची पोरं येत होती ना? आणि दुसऱ्या वर्षी? तुम्हीच लिहिलंय, "नंतर नंतर तर तिसरी-चौथीची लेकरं आईचं बोट धरून यायची." गिऱ्हाईक वाढतंय असं तुम्हाला वाटलं. खरं तर तिथे उतार सुरू झाला होता. धाकट्या भावाच्या हातात जे आलं ते थोरल्याला नकोसं होतं. या धंद्यात गिऱ्हाइकाचं वय खाली सरकायला लागलं की मोठी ऑर्डर द्यायची नसते.

दुसरी गोष्ट. पत्राचा सूर असा आहे की कंपनीने लाईन बंद केली म्हणून तुमचा माल अडकला. मला क्रम उलटा दिसतो. कंपनीचा निर्णय तुमच्यासारख्या हजारो दुकानांच्या फळ्यांवर झाला, मुख्य ऑफिसात नंतर. कसा, ते तुमच्याच फळीवर बघू. तुम्ही लिहिता, कार्टन मिक्स यायचं. त्यातले निळा आणि लाल दोन दिवसांत जायचे, आणि तो हिरवा, कासवाच्या चित्राचा, कुणालाच नको असायचा. पुढचं कार्टन आलं की पुन्हा दोन दिवसांत निळे-लाल संपले आणि हिरव्यांत आणखी भर. सहाव्या कार्टनला फळीवर काय राहिलं? कासवं. नवीन पोरगं दुकानात येतं, त्याला कासवं दिसतात आणि ते परत जातं. तुम्ही डीलरला म्हणता, आहे तेच संपू द्या, नवीन पाठवू नका. डीलर कंपनीला तेच सांगतो. तिकडे कंपनीने नव्या वर्षाचे नवे भोवरे काढून ठेवलेले असतात, ते दुकानांपर्यंत पोचतच नाहीत, कारण जागा जुन्या कासवांनी अडवलेली असते. ऑर्डर दिसत नाही आणि लाईन बंद होते. लेकरांना कदाचित नवे भोवरे आवडलेही असते. त्यांना ते दिसलेच नाहीत.

हे फार मोठ्या मोठ्यांचं झालंय. अमेरिकेत मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने १९८२ साली ही-मॅन नावाच्या पिळदार दंडांच्या बाहुल्यांची मालिका काढली. १९८६ मध्ये तिची विक्री सुमारे ४० कोटी डॉलरवर गेली. पुढच्याच वर्षी ती ७० लाखांच्या आसपास आली. कोटींवरून लाखांवर, एका वर्षात! दुकानं मालाने तुडुंब होती, पण त्यात नवनवीन दुय्यम पात्रांची गर्दी. नव्याने खेळू लागलेल्या पोराला मुळातला ही-मॅनच हवा असायचा आणि फळीवर भलतेच लोक उभे असायचे. तेव्हा तुमच्या दुकानातल्या हिरव्या कासवाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, त्याची बिरादरी मोठी आहे.

बाकीची कारणंही असतात, पण त्यांत फार शिरत नाही. सिनेमावरची किंवा कार्टूनवरची खेळणी असतील तर नावं वापरायचा करार संपतो. डिस्ने राजकन्यांच्या बाहुल्या २०१६ साली मॅटेलकडून हॅस्ब्रोकडे गेल्या आणि २०२३ मध्ये परत मॅटेलकडे आल्या. बाहुल्या त्याच, पण एका कंपनीची लाईन बंद, दुसरीची सुरू. मग साच्याचा हिशेब. माझे एक शेजारी वाळूजला मोल्डिंगच्या कारखान्यात होते, ते सांगायचे की डायला, म्हणजे साच्याला, लाखो रुपये लागतात, आणि ती दिवसरात्र चालली तरच नग स्वस्तात पडतो. थांबली की तिला तेल लावून कोपऱ्यात ठेवायचं, एवढंच. आपल्याकडे आणखी एक कारण आहे आणि दुकानदारांना ते चांगलंच ठाऊक आहे. २०२० मध्ये परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. आणि १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला. बाहेरच्या कितीतरी लाईन त्यानंतर आपल्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. बाहेरच्या देशांत त्या चालूच होत्या.

आता भाच्याकडे येते. पोरगा हुशार आहे, त्याने तुम्हाला लबुबूच्या, म्हणजे पॉप मार्ट या चिनी कंपनीच्या बाहुलीच्या, लिलावाचा व्हिडिओ दाखवला. बीजिंगमध्ये जून २०२५ ला एक लबुबू १० लाख ८० हजार युआनला गेला, हे खरं आहे. फक्त तो माणसाच्या उंचीचा होता, आणि चर्चा त्याच्यामुळेच झाली. त्याच महिन्यात कंपनीने साध्या लबुबूंचा भरपूर माल बाजारात सोडला आणि चढ्या भावाने पुन्हा विकणाऱ्यांचे दर धाडकन खाली आले. हा दुसरा व्हिडिओ त्याने दाखवला नसावा.

ताई, तुमच्याकडे शेती आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सोयाबीनच्या भाषेत बोलते. २०२१ च्या ऑगस्टात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. त्या वेळी किती घरांत सोयाबीन शिल्लक होतं? फारच थोड्या, आणि भाव चढला त्यात याचाही वाटा होता. पुढची दोन-तीन वर्षं निम्म्या मराठवाड्याने थप्प्या लावून ठेवल्या, दहा हजारांची वाट बघत. २०२४ ला हमीभाव होता ४,८९२ आणि खुल्या बाजारात तोही मिळेना. सगळ्यांनीच ठेवलं की ठेवण्याला काही अर्थ उरत नाही.

खेळण्यांतलं हे सगळ्यात मोठं सोयाबीन म्हणजे बीनी बेबीज. अमेरिकेतल्या टाय कंपनीने १९९३ मध्ये ही छोटी कापडी जनावरं काढली, पाचेक डॉलरची. कंपनी मधूनच जाहीर करायची की अमुक ससा आता निवृत्त, पुन्हा बनणार नाही. लोक तुटून पडायचे. खेळायला नव्हे, ठेवायला. कानाच्या लेबलाला चुरगळा पडू नये म्हणून त्यावर प्लास्टिकची टोपी घालायचे. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या कोर्टात घटस्फोट घेणारं एक जोडपं जमिनीवर बसून ती जनावरं एकेक करून वाटून घेत होतं, तो फोटो जगभर गेला. त्याच वर्षी कंपनीने सांगितलं की ३१ डिसेंबरला सगळंच बंद. मग लोकांचं मत घेतलं आणि २००० साली नवा माल हजर! "बंद होणार" हीच जाहिरात होती. आज त्यातली बहुतेक जनावरं मूळ किमतीच्या आसपासही कुणी घेत नाही, कारण लाखो घरांत ती टोपी घातलेल्या लेबलासकट जशीच्या तशी आहेत.

उलट १९७८ पासूनच्या केनर कंपनीच्या स्टार वॉर्स बाहुल्यांना सीलबंद पाकिटात आज मोठी किंमत येते. का? त्या काळच्या पोरांनी पाकिटं फाडली, बाहुल्या मातीत पुरल्या, त्यांचे हात मोडले. जपून ठेवण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ज्या वस्तूबद्दल भाचा आजच "ठेवा" म्हणतोय, ती असेच हजार भाचे ठेवत असणार.

"पण भोवऱ्यांची लाट परत येते," असंही त्याने म्हटलंय. येते. जपानी बेब्लेडच बघा. पहिली लाट १९९९ मध्ये सुरू झाली, दुसरी २००८, तिसरी २०१५, चौथी २०२३. सात ते नऊ वर्षांचं अंतर कशामुळे पडत असेल? जुनी पोरं मिसरूड फुटून बाजूला होतात आणि ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही अशी नवी पोरं तयार होतात. पण दर वेळी भोवरा नव्या घडणीचा येतो. २०२३ च्या भोवऱ्यांना रिंगणातल्या दातेरी रुळावरून पळायला खाली खास दाते आहेत, आधीच्या भोवऱ्यांना ते नाहीत. नव्या पोरांना जुना भोवरा म्हणजे बाबांच्या काळातला फोन. तुमची लाट परत आली तर ती नवा माल घेऊन येईल, आणि तुमच्या माळ्याकडे बघणारही नाही.

आणखी एक. मार्च २०२३ मध्ये फंको या जमवायच्या बाहुल्या काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने सांगितलं की गोदामात साठलेला ३ ते ३.६ कोटी डॉलरचा माल ती कचऱ्यात टाकणार आहे, कारण तो ठेवायचं भाडं मालापेक्षा जड झालंय. तिचा धंदा मुख्यतः संग्राहकांवर चालतो. तिला ठेवणं परवडलं नाही. तुमच्या माळ्याला भाडं नाही, पण बचत गटाला महिन्याला पाचशे जातातच. वर्षाचे सहा हजार. दहा वर्षांचे साठ.

मग यजमान म्हणतात तसं यात्रेत फुंकायचं? तसंही नको. रागाने विकलेला माल निम्म्याने जातो.

आधी खोके खाली काढा आणि आयएसआयचा शिक्का बघा. खाली सीएम/एलने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो. चौदा वर्षांखालच्या लेकरांच्या खेळण्यावर शिक्का नसेल तर तो नग दुकानातही विकायचा नाही आणि यात्रेतही नाही. डीलरच्या गळ्यात परत घालायचा, बिल तुमच्याकडे आहेच. शिक्का असलेला माल मोजून रंगाप्रमाणे वेगळा करा. मला वाटतं निळे-लाल शंभरच्या आत निघतील. ते एकटे विकू नका, दोन हिरव्या-पिवळ्यांबरोबर एक निळा असा तिघांचा संच बांधा. छापील किंमत २९९ ची आहे, तुमची खरेदी १७५ ची. संच तीनशेला ठेवा, म्हणजे नग शंभरला पडला.

विकायचे कुणाला? गावातल्या पोरांचं मन भरलंय, हे धरून चला. पण २९९ रुपयांत तुमच्या तालुक्यातल्या किती वाड्या-तांड्यांवरच्या लेकरांच्या हातात हा भोवरा गेला असेल? त्यांनी तो दुसऱ्याच्या हातातच पाहिलाय. त्यांच्यासाठी वेड अजून सुरूच व्हायचंय. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी आलेली भाचरं, मग मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीचं नवरात्र, पुढे माळेगावची यात्रा. तिथे शंभराचा भोवरा चालेल. शाळांच्या स्नेहसंमेलनांची बक्षिसं, वाढदिवसांची रिटर्न गिफ्ट यांसाठी पन्नास-पन्नासचे गठ्ठे मास्तरांना नव्वदने द्या. फुकट वाटायचा विचार असेल तर हिशेबनीसाला विचारून घ्या. नेहमीच्या जीएसटीत असाल तर फुकट दिलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट, परत करावं लागतं, कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या ठोक कराच्या योजनेत, असाल तर तो प्रश्न नाही. भाच्याचं मनही मोडू नका. प्रत्येक रंगाचा एक सीलबंद नग त्याला भेट द्या, दहा वर्षं त्याने पुण्यात सांभाळावा.

सगळे मिळून ऐंशी हजार आले असं धरू. पन्नास हजार गटाचे फेडा, तीस हजार जूनमधल्या वह्यांच्या खरेदीसाठी ठेवा. साठ हजार गेले आणि वर व्याज गेलं. पण पहिल्या वर्षीचे नव्वद कोणत्या वहीत लिहिलेत? ते याच भोवऱ्यांचे होते. दोन्ही वर्षं एका पानावर मांडा, वीस-पंचवीस हजार शिल्लकच दिसतात. "चूक माझीच का" या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर आहे. तुमची चूक एवढीच की तिसरीतली लेकरं दुकानात दिसायला लागल्यावर तुम्ही कर्ज काढून माल भरला. खेळण्यांचं दुकान असलेल्या सगळ्यांनाच सांगते, अशा मालाची दुसरी ऑर्डर पहिलीच्या नफ्यातून द्यावी, उधारीवर कधीच देऊ नये. आणि डीलर "दहावर तीन फ्री" म्हणायला लागला की आपणहून विचारावं, "परत घेणार का ते बिलावर लिहून देता?" तो हसून विषय बदलेल. त्यातच कळतं.

मुलाचं राहिलं. "इतका हट्ट करून घेतले, आता ढुंकूनही बघत नाही, पैशाची किंमतच नाही," असं तुम्ही लिहिलंत. त्याने ते फेकले का? विकून मोबाइलचं रिचार्ज मारलं? त्याला ते खेळणाऱ्या पोरांकडे जायला हवेत, कारण भोवरा डब्यात फिरत नाही हे त्याला कळलंय. तुम्ही डबा धरून बसलात त्या भाच्याच्या "सोन्या"पायी. वाटू द्या त्याला. एक रविवार दुकानासमोर घमेलं मांडून त्याच्या तळात कसे झुंजवायचे ते त्यालाच शिकवू द्या त्या धाकट्यांना. एकतीस भोवरे गल्लीत फिरायला लागले की बत्तिसावा मागायला कुणी कुठे जाईल, हे दुकानदारणीला मी काय सांगावं.

हो, आणि खोके उतरवताना माळ्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यात हात घाला. तुमच्या सासऱ्यांचं दुकान चाळीस वर्षांचं आहे म्हणता. १९८७ ला सुरू झालेल्या फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीने नव्वदीच्या दशकात जी. आय. जो या अमेरिकन मालिकेतले खेळण्यातले सैनिक भारतात बनवले होते. साचे अमेरिकेतले, पण रंग आपले, काही तर तिकडे कधी निघालेच नाहीत असे. परदेशातले संग्राहक ते अजून शोधत असतात. धुळीतलं एखादं न फाडलेलं पाकीट सापडलं तर यजमानांच्या हातात देऊ नका, आधी मला फोटो पाठवा.